कान, जमात आणि एक चिठ्ठी

डोळे अधू झाले की माणूस चष्मा लावतो आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. कान अधू झाले की तो आधी टीव्हीचा आवाज वाढवतो, मग "तुम्ही पुटपुटता" म्हणून घरच्यांवर चिडतो, मग लग्नकार्याला जाणं टाळतो आणि शेवटी गप्प बसायला शिकतो. आपल्या भाषेनेही बहिऱ्याला सहानुभूती दिलेली नाही. आंधळ्याची कीव येते, बहिऱ्यावर विनोद होतात.

आमच्या घरात हा प्रवास अब्बांचा झाला. अब्बांनी आयुष्यातले जवळजवळ तीस हंगाम जिनिंगमध्ये काढले. यवतमाळ जिल्हा कापसाचा. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जिनिंग चालायच्या, ओळीने लावलेले रेचे दिवसरात्र खडखडायचे. त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागायचं. तिथले जुने कामगार एकमेकांशी हातवारे करूनच बोलत. कानात कापसाचा बोळा घालणारे काही होते, पण कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. या बहिरेपणाला औषध नाही, ते येण्याआधी टाळणं एवढंच हाती असतं.

कायद्याच्या पुस्तकात कामाच्या आवाजाने आलेलं बहिरेपण हा व्यवसायजन्य आजार आहे. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो लिहिलेला होता. पण राज्य कामगार विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापूस जिनिंगचं नाव स्पष्ट होतं. म्हणजे विम्याचं कार्ड नाही, कानाची वार्षिक तपासणी नाही, नोंद नाही. नोंदच नसेल तर पंचवीस वर्षांनी भरपाई मागायची कशाच्या आधारावर?

बहिरेपण मशिदीत लवकर उघडं पडतं. इमामसाहेबांच्या तकबीरवर सगळी सफ रुकूत जायची आणि अब्बा क्षणभर उभेच राहायचे, मग डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्याला बघून वाकायचे. सजद्यात तर बघायचीही सोय नाही. काही महिन्यांनी "गुडघे दुखतात" म्हणत ते घरीच नमाज पढायला लागले. गुडघे ठणठणीत होते.

मग इलाज सुरू झाले. कुणी लसणाचं तेल कोमट करून घालायला सांगितलं, कुणी दम केलेलं पाणी आणून दिलं. एका मोठ्या शहरातल्या खासगी दुकानात दहा मिनिटांत कान तपासून चाळीस हजारांचं मशीन हातात ठेवलं गेलं. ते कानात घातल्यावर अब्बांना पंख्याचा आवाज, भांड्यांचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळं ऐकू आलं. माणसाचं बोलणं तेवढं नाही. पंधरा दिवसांत ते मशीन कपाटात गेलं. विकणाऱ्याने परत बोलावून आवाजाची पट्टी जुळवून द्यायला हवी होती. त्याचा फोन नंतर लागला नाही.

या सगळ्या धडपडीत मला जी वाट सापडली ती इथे लिहून ठेवतो, कारण ती एका ठिकाणी लिहिलेली मला कुठे मिळाली नव्हती.

पहिली पायरी कान-नाक-घशाचा डॉक्टर. मशीनचं दुकान नंतर. मळ साचलेला असेल, पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल तर त्यावर उपचार आहेत आणि त्यासाठी मशीनची गरजही पडत नाही. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, तिथे हा विभाग आहे. जिल्हा मात्र लांबलचक, तालुके सोळा. उमरखेडच्या माणसाला यवतमाळ शंभराहून जास्त किलोमीटर पडतं, त्याला नांदेड जवळ. वणीकराला चंद्रपूर जवळ. वर्ध्याच्या बाजूला सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं आहेत. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. आपल्याला कोणतं गाव जवळ पडतं ते एसटीच्या हिशोबाने ठरवावं.

दुसरी पायरी ऑडिओग्राम. हा कानाचा आलेख. त्यातला डेसिबलचा आकडा मागून घ्यावा आणि जपून ठेवावा, कारण पुढची सगळी दारं त्या आकड्यावर उघडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या हिशोबाने दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट म्हणजे बधिर आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कामाचं ठरतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि ठरलेल्या दिवशी मंडळापुढे तपासणीला जायचं. त्या कार्डावर केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळतं, एसटीत सवलत मिळते, तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. हे ग्रामसभेत उभं राहून विचारायला काहीच हरकत नाही.

अब्बांचा आकडा आला चांगल्या कानात ५२, दुसऱ्या कानात ५८. म्हणजे कायद्याच्या दाराच्या उंबऱ्यावर. तकबीर ऐकू येत नाही, पण कागदावर ते दिव्यांग नाहीत. म्हातारपणाने किंवा आवाजाने कान गेलेली असंख्य माणसं याच पट्ट्यात आहेत. त्यांच्यासाठी दुसरं दार वयाचं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, ती गरीब ज्येष्ठांना शिबिरांतून साधनं देते, त्यात श्रवणयंत्रही येतं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांच्या बँक खात्यात ३,००० रुपये येतात. तीन हजारांत बरं डिजिटल मशीन येत नाही, हे खरं. पण कानाचा साचा आणि वर्षभराच्या बॅटऱ्यांना हातभार लागतो.

तिसरी पायरी कुणी सांगत नाही. मशीन मिळालं म्हणजे काम संपलं असं नाही, ते तिथून सुरू होतं. वर्षानुवर्षं शांततेची सवय झालेल्या मेंदूला आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. आधी घरात दोन तास, मग चार तास, बाजारात सगळ्यात शेवटी. दोन-तीनदा परत जाऊन आवाज जुळवून घ्यायचा. बॅटरीवरची चिकटपट्टी वापरायच्या वेळीच काढायची, कारण हवा लागली की ती उतरायला लागते. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायचं. आमच्या घरातल्या बायकांसाठी आणखी एक गोष्ट: घट्ट स्कार्फने कानामागचं मशीन दाबलं की ते शिट्टी मारतं आणि आवाज घुसमटतो. तिथे पातळ, सैल कापड घ्यावं. आणि कमी ऐकणाऱ्या बाईशी बोलताना घरात तरी चेहऱ्यावरचा नकाब वर करावा, कारण ती अर्धं ओठांवरून ऐकत असते.

हे झालं म्हाताऱ्यांचं. लहान मुलांच्या बाबतीत उशीर फार महाग पडतो.

आमच्या मोहल्ल्यात एक मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. घरातले म्हणायचे, "हिचा मामूही उशिरा बोलला होता." ताटली पडली की ती वळून बघायची म्हणून कान ठीक आहेत असं सगळ्यांनी धरून चाललं, खरं तर ती फरशीची थरथर ओळखत होती. जगभरातले तज्ज्ञ सांगतात की एका महिन्याच्या आत कानाची चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाय व्हावा. भाषेसाठी मेंदूचं दार पहिल्या काही वर्षांतच सताड उघडं असतं. बाळ झोपलेलं असताना ओएई आणि बेरा या चाचण्या होतात, सुई टोचावी लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात. जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. जे मूल अंगणवाडीतही जात नाही आणि पुढे फक्त मदरशात जातं, ते या तपासणीतून सुटू शकतं. मदरसे चालवणाऱ्यांनी आरोग्य केंद्राला एक पत्र दिलं तर हे भोक बुजेल.

शस्त्रक्रियेने बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट एडिप योजनेतून लहान मुलांना मोफत मिळू शकतं. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे, म्हणूनच तारखांना महत्त्व. या कामाची मध्यवर्ती संस्था मुंबईत वांद्र्याला आहे: अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था, स्थापना १९८३. अली यावर जंग हैदराबादचे. उस्मानिया आणि अलिगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल, १९७६ साली पदावर असतानाच गेले. आपल्यातले कितीतरी लोक वांद्रे स्टेशनवर उतरतात, पण ते नाव कशाचं आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

जन्मजात बहिरेपणाचा विषय निघाला की एक अवघड गोष्ट बोलावीच लागते. काही जनुकं अशी असतात की ती आई आणि बाप दोघांकडून आली तरच मूल बहिरं होतं. चुलत, मावस, मामे-आते भावंडांच्या लग्नात ती जुळण्याची शक्यता वाढते. हे काही आपलंच नाही. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत अनेक हिंदू जातींतही आहे. आणि अशा लग्नातली बहुतेक मुलं निरोगीच असतात. इस्लामने असं लग्न जायज ठरवलं, फर्ज केलेलं नाही. घराण्यात आधीच दोन-तीन बहिरी माणसं असतील तर नातं जोडताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि लग्न झालंच असेल तर बाळाचे कान पहिल्याच महिन्यात तपासावेत. सुनेला बोल लावून काहीच होत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. घरात आमची दखनी उर्दू, अंगणवाडीत मराठी, स्पीच थेरपी मराठीत किंवा हिंदीत.  थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगावं की घरात आई कोणत्या भाषेत बोलते. आईची भाषा सुटू नये. आणि ज्या मुलांना मशीनचा उपयोग होत नाही त्यांच्यासाठी भारतीय खुणांची भाषा आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे, ती हातांनी केलेली मराठी किंवा उर्दू नव्हे. दिल्लीच्या सरकारी केंद्राने २०२१ साली तिचा दहा हजार शब्दांचा कोश पुरा केला. ती भाषा शिकलेला पुसदचा मुस्लिम मुलगा आणि यवतमाळचा हिंदू मुलगा एकमेकांशी दुभाष्याशिवाय बोलू शकतात.

काही लोकांना खुणांची भाषा कमीपणाची वाटते. त्यांना आपला फिकह आठवून द्यावा. मुक्या माणसाची ओळखीची खूण ही जिभेने बोलल्यासारखीच ग्राह्य, हे तत्त्व फकिहांनी मान्य केलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या उस्मानी मजल्ला या संहितेत ते कलम म्हणून आलं. खरेदी-विक्री खुणेने होते, निकाहचा कबूलही खुणेने होतो. कुरआनात सत्य न ऐकणाऱ्यांना बहिरं म्हटलंय ते दिलाच्या बहिरेपणाबद्दल. कानाने बहिऱ्या माणसाला ते चिकटवणं अन्याय आहे. उलट सूरह अबसमध्ये एका अंध साथीदाराकडे क्षणभर दुर्लक्ष झालं म्हणून खुद्द पैगंबरांना टोकलं गेलं. त्यापुढे आपल्या मशीद कमिट्या कोण लागून गेल्या?

मक्केच्या हरममध्ये जुम्म्याच्या खुतब्याचा खुणांच्या भाषेत अनुवाद होतो. आपल्या तालुक्याच्या मशिदीला एवढं जमणार नाही, पण सोपं पुष्कळ जमेल. पहिल्या सफीत, इमाम दिसेल अशी एक जागा कमी ऐकणाऱ्यांसाठी राखावी. बयानाचे चार मुद्दे फळ्यावर लिहावेत. भोंग्याचा कर्कशपणा कमी करावा. मशीन लावणाऱ्याला मोठा आवाज नको असतो, स्वच्छ आवाज हवा असतो. रमजानमध्ये आपण राशनचे किट वाटतो, त्यातच एखाद्या हकदार म्हाताऱ्याला झकातीतून वर्षाच्या बॅटऱ्या द्याव्यात. आणि वुजूखान्याजवळच्या फलकावर एक चिठ्ठी लावावी: आधी कानाचा डॉक्टर, मग ऑडिओग्राम, ६० च्या वर असेल तर यूडीआयडी, खाली असेल आणि वय ६५ असेल तर वयोश्री, मूल असेल तर याच आठवड्यात.

ही चिठ्ठी मी लिहून काढली आहे, उर्दूत आणि मराठीत. ज्यांना आपल्या गावच्या मशिदीत, शाळेत, चहाच्या टपरीवर लावायची असेल त्यांनी वरची ओळ उतरवून घ्यावी. माझं नाव टाकायची गरज नाही.