अर्थ नाही भेटून राहिला!

यवतमाळच्या दत्त चौकात गाय आडवी आली. बाबांनी कचकन ब्रेक मारला आणि त्यांच्या मागून स्कूटीवर येणारी मी त्यांच्या बंपरपासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबले. माझी जुनी स्कूटी सर्व्हिसिंगला टाकायची आणि येताना बाबांच्या गाडीतून घरी यायचं, एवढाच सकाळचा साधा प्लॅन होता.

बाबा खाली उतरले आणि वर मलाच म्हणाले, ‘‘ध्यान कुठी होतं तुहं?’’

‘‘माझं होतं हो. तुमचे ब्रेक लाइट कुठे होते?’’

त्यांनी असं काही पाहिलं, की मी घरातल्या कुणाच्या तरी चारित्र्यावर बोलले!

तर ही गाडी म्हणजे आमची फियाट, 1974चं मॉडेल. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हिचीच पुढची बहीण ‘पद्मिनी’ मुंबईच्या टॅक्सीतून ऑक्टोबर 2023मध्ये निवृत्त झाली, तेव्हा माझ्या ऑफिसवाल्या फ्रेंड्सनी काय स्टेटस टाकले होते! आमच्याकडे मात्र ती अजून भाजी आणते. 2021च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नाशी ओलांडलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेटही मिळते. पण मग ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. बाबांना हे मान्य नाही. दर चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला ते याच गाडीने जातात आणि अंधार पडल्यावर परत येतात. कापसाच्या सीझनमध्ये तो रस्ता कसा असतो, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि त्यांना ओव्हरटेक करणारे ट्रक. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. मागच्या ट्रकवाल्याला तो एक सेकंद मिळायला हवा की नको?

‘‘मी चेक करतो ना दर रविवारी,’’ बाबा म्हणाले.

कसं? तर रात्री हेडलाइट लावायचे, गाडी रिव्हर्स घेऊन कंपाउंडच्या चुन्याच्या भिंतीला पाठ करायची आणि मग खाली उतरून मागे जाऊन बघायचं. भिंत लाल दिसली की झालं.

‘‘आणि तेव्हा ब्रेकवर पाय कुणाचा असतो?’’

बाबा गप्प झाले. मीही झाले, कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं. दर रविवारी गाडी धुऊन झाली की आई पदराला हात पुसत मागे उभी राहायची आणि ओरडायची, ‘‘लागला... गेला... लागला!’’ तिला जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे चार वर्षं बाबा टेललाइटचा लाल उजेड बघून समाधान मानत होते.

त्या दिवशी एका आर्टिकलची डेडलाइन होती, ती मी सरळ टांगली. दोन्ही बल्ब काढले. हे बल्ब मजेशीर असतात. एकाच काचेत दोन तारा असतात, पाच वॉटची टेलसाठी आणि एकवीस वॉटची ब्रेकसाठी. बाजूच्या दोन खिळ्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे माझ्यासारखीलाही उलटा बसवता येऊ नये. डाव्या बल्बची जाड तार तुटली होती. नवा टाकला, पेटला. मी जाम खूश! यूट्यूबवरची मंडळी आधी ब्रेक स्विचवर संशय घेतात. पण डावा पेटला म्हणजे स्विच निर्दोष.

उजव्याचं मात्र भलतंच. हेडलाइट चालू असताना ब्रेक दाबला की त्याचा होता तो टेलचा उजेडही गायब. थांबतोय हे सांगायच्या नेमक्या वेळी दिवा गुडूप! बल्ब बदलला, तरी तेच.

शेवटी ऑटो इलेक्ट्रिकवाले चाचा आले. बल्बला दोन वायरी सोल्डर केलेला त्यांचा टेस्ट लॅम्प एवढीच सगळी लॅब. दोन मिनिटं इकडेतिकडे लावून त्यांनी निदान केलं, ‘‘काकाजी, याले अर्थच नाही भेटून राहिला.’’

मास कॉमला दोन वर्षं घालवून एवढं नेमकं वाक्य मला लिहिता आलेलं नाही!

प्रकार असा, की बॅटरीतून वायरने दिव्यापर्यंत गेलेला करंट परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. त्यालाच गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. होल्डरखालचा पत्रा गंजला की परतीची वाट बंद. मग ब्रेकच्या तारेतून आलेला करंट टेलच्या तारेतून वाट शोधतो आणि हेडलाइट चालू असतील तर तिथेही समोरून करंट दाबून उभाच. दोन्ही बाजूंनी सारखा जोर, मग वाहणार काय? दोघंही विझतात.

चाचांनी होल्डरपासून बंपरच्या बोल्टला एक वायर नुसती टेकवली आणि दिवा भक्कन पेटला. मग पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईतो घासला, नवी काळी वायर स्क्रूखाली आवळली, वर ग्रीस. मजुरी दीडशे रुपये. बाबांनी दोनशे दिले आणि पन्नास परत घेतले नाहीत. आमच्या घरात ही बातमी आहे.

मग बाबा गाडीत बसले, मी मागे उभी राहिले. ‘‘लागला?’’ आतून आवाज आला. मला पटकन बोलता येईना. त्यांनी पुन्हा विचारलं.

‘‘लागला, बाबा. दोन्ही.’’

पुढच्या रविवारी रात्री मी पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये होते. बस कारंज्याच्या पुढे गेली असेल, तोच व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आमच्या फियाटचा मागचा भाग, थोडा तिरका. बाबांनी फोन भिंतीवर विटेला टेकवून ठेवला होता आणि स्पीकर फुल. आतून ओरडले, ‘‘पाय बरं!’’

शेजारच्या सीटवरच्या मुलाने इअरफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

‘‘लागला,’’ मी म्हटलं. ‘‘सोडा आता... गेला. दाबा... लागला!’’