रंग देण्याआधी

दिवाणखान्याची तक्तपोशी. सागवानी फळ्या खाचेत खाच बसवून जोडलेल्या, सांध्यांवर बोटभर रुंदीच्या पट्ट्या. नवं सागवान सोनेरी दिसतं. उजेड आणि हवा लागून ते गडद होत जातं, पण सगळीकडे सारखं होत नाही. खिडकीपाशी एक छटा, कोपऱ्यात दुसरी, कंदिलाच्या आकड्याभोवती तिसरी. ही छटा कुठल्याच डब्यात विकत मिळत नाही.

माजघराचा कडीपाट. इथे तक्तपोशी नाही, नुसत्या कड्या आणि त्यांवर पाट. खोली केवढी, हे पूर्वी वर बघून सांगायचे : दोन खण, तीन खण. एक खण म्हणजे साधारण पाच फूट. जुन्या वाटणीपत्रांतही हेच माप. घर पाहायला येणारे आता कार्पेट एरिया विचारतात आणि वर बघत नाहीत.

ओटीवरचे खांब. खाली दगडी तळखडा, वर कोरीव हस्त. 1807 साली बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात. नारायण पेठेतल्या आमच्या मामांच्या घरातले त्या मानाने साधे. पण बसलेल्या माणसाची पाठ टेकते तिथे त्यांना एक झळाळी आहे, ती कोणत्याही पॉलिशवाल्याने दिलेली नाही. तेल लावलेली डोकी, उघड्या पाठी, खांबाला धरून गोल फिरणारी पोरं. बोट फिरवलं की ती जागा डोळे मिटूनही कळते.

पुराची रेघ. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. भिंती पुढे चुन्याने पुन्हा पांढऱ्या झाल्या, त्यांच्यावर काही उरलं नाही. लाकडावर उरलं. छातीच्या उंचीला एक मळकट पट्टा आहे, त्याच्या खालचं लाकूड किंचित फिकट, रेषा उठून आलेलं. त्या दिवसाची या घरातली एवढीच नोंद.

सुताराच्या खुणा. तुळईच्या टोकाशी पटाशीने मारलेले दोन घाव, पलीकडे तीन, एका ठिकाणी फुली. सगळं काम आधी जमिनीवर बेतून घ्यायचं आणि मग वर चढवायचं, म्हणून कोणतं कुसू कोणत्या भोकात जाणार त्याची ही खूण. सांध्यांत लाकडी मेखा आहेत, लोखंडी खिळा क्वचितच. त्या सुताराचं नाव घरात कुणाला माहीत नाही, त्याचे हे घाव मात्र आहेत. रंगारी लांबी भरतो तेव्हा पहिल्यांदा बुजतात ते हेच.

फडताळाची दारं. खुंट्या. अडसर, आणि तो सरकवायचं भिंतीतलं भोक. झोपाळ्याच्या कड्या, त्यांनी तुळईला पाडलेल्या खाचा.

देवघराच्या चौकटीवर समईच्या काजळीचा डाग.

घर विकायचं आहे. दलाल पाहून गेला आणि म्हणाला, सगळ्या लाकडाला पांढरा ऑइल पेंट मारून घ्या, फोटोत काळोख येतो. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माजघर खरंच काळोखं आहे. आठ-दहा मिनिटांत घर पाहून निघणाऱ्याला उजेड आधी दिसतो, लाकूड नंतर. मामेभावाला पैशांची निकड आहे, आणि रंगकामाचा खर्च किमतीतून निघेल असं त्याला वाटतं. नको वाटलं तर पुढचा माणूस रंग काढून टाकील, असंही तो म्हणाला.

तिथेच माझं अडलं. फ्रेंच पॉलिश निघतं. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. मलमलीत कापूस गुंडाळून त्या बोळ्याने थरावर थर चढवायचा. पुन्हा स्पिरिट लावलं की सुटतं. ऑइल पेंटचं तसं नाही. सागवानाच्या वाढीच्या प्रत्येक वलयात मोठी, उघडी छिद्रं असतात. लाकडाची रेषा दिसते ती त्यांच्यामुळे, आणि पांढरा रंग जाऊन बसतो तोही त्यांच्यातच. कॉस्टिक सोड्याने काढावा तर सागवान काळवंडतं. तासून काढावा तर झळाळी, रेघ, पटाशीच्या खुणा सगळंच तासलं जातं. जुनी दारं घासायची तर आणखी एक धोका. पूर्वीच्या ऑइल पेंटात शिसं असायचं; घरगुती रंगात ते 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर 2017पासून लागू झाला. त्याआधीचा थर कोरडा घासला तर ती धूळ घरातल्या लेकरांच्या पोटात जाते.

आणि ओल. चौकटी मातीच्या भिंतींत बसवलेल्या आहेत, पावसाळ्यात त्या मागून ओल घेतात. पुढची बाजू उघडी असली तर ती ओल सुकते. पुढून रंगाने बंद केली की आतल्या आत राहते. कीड लागायची ती अशा ठिकाणी, बाहेरून काही न दिसता.

घेणारा पाडणारच आहे, मग एवढा विचार कशाला, असं शेजारच्यांनी विचारलं. पाडेलही. पण पाडणारासुद्धा लाकूड टाकून देत नाही. जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं, आणि रंगाखाली काय आहे ते दिसत नसल्यामुळे घेणारा पटाशीने कोपरा खरवडून बघतो. उघडं लाकूड स्वतःच सांगतं.

शहरात असं लाकूड आधीच कमी राहिलंय. शनिवारवाड्याच्या आतल्या इमारतींचं 1828च्या आगीत गेलं, त्यांची दगडी जोती तेवढी राहिली. पेठांतलं काही पुरात गेलं. 1947च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, मालकांकडे दुरुस्तीला पैसा उरला नाही, कौलं फुटली, पाणी थेट तुळयांवर आलं. उरलेलं इमारतींच्या कामात जातंय. आग आणि पूर कुणाच्या हातात नव्हते. डबा उघडायचा की नाही, हे आमच्या हातात आहे. माझ्या मते विकणाऱ्याने भिंती रंगवाव्या, गळती काढावी, दिवे बदलावे, पण मूळच्या लाकडाला हात लावू नये. पुढच्याला पांढरं हवं असलं तर तो एका दिवसात करून घेईल. त्याला लाकूडच हवं असलं तर आपण रंगवलेलं त्याला परत मिळणार नाही.

भावाने ऐकून घेतलं. मग काम ठरलं ते असं. भिंतींना चुना, शुभ्र. माजघराचा बंद करून टाकलेला झरोका उघडायचा. जिथे जिथे कॅलेंडरं, ट्यूबलाइटच्या पट्ट्या आणि वायरी ठोकल्या होत्या ते सगळं उतरवायचं. लाकडावरची धूळ कोरड्या कुंच्याने, मग पिळून घेतलेल्या फडक्याने पुसायची; पाणी ओतायचं नाही. पूर्ण सुकल्यावर अळशीचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक हात, आणि वर राहिलेलं तेल अर्ध्या तासात पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट होतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर सुटी वाळत घालायची. लाकडाच्या घरात हे आधी सांगायला हवं.

पुराच्या रेघेवर तेल लावायचं नाही, असं भावाने स्वतःहून सांगितलं.

न्हाणीघराचं दार मात्र रंगवलं. ते देवदारी खोक्यांच्या फळ्यांचं, कधीतरी नंतर बसवलेलं, खालून कुजलेलं होतं. तळाला नवी पट्टी ठोकली आणि त्यावर राखाडी ऑइल पेंट दिला.