ह्यांची सही

सात किलो वजन उतरवायला मला पाच महिने लागले. मिश्री सोडून ४१ दिवस झाले होते. रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे, मॅमोग्राफी, सगळं पार पडलं होतं. आणि एवढं करून ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं ते एका सहीपायी. तीही माझी नव्हे, ह्यांची.

दीड वर्ष होऊन गेलं. व्रण फिके पडले. ही गोष्ट आठवली की कानशिलं मात्र अजून तापतात.

आधीचं थोडक्यात सांगते, बायकांना ते फोडून सांगायला नको. तेराव्या वर्षापासून छाती मोठी. पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहायचं, एसटीत पिशवी छातीशी कवटाळून उभं राहायचं, शिंपीणबाईनं माप मोठ्यानं वाचलं की इकडेतिकडे बघायचं. दोन बाळंतपणांनंतर तर बघायलाच नको. ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यांवर बोट मावेल असे खड्डे पडले. उन्हाळ्यात छातीखाली घाम साचून कातडी चिघळायची. मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर. दिवसभर मान खाली घालून नोटा मोजायच्या आणि रात्री मानेला शेक घ्यायचा. ४६व्या वर्षी ठरवलं, आता हे ओझं उतरवायचं.

विम्याचे पैसे मिळणार नाहीत हे आधीच कळलं. रूप बदलण्यासाठीचे उपचार पॉलिसीतून वगळलेले असतात. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची दुरुस्ती असेल, नाहीतर तब्येतीला थेट धोका असल्याचं डॉक्टरनं लिहून दिलं असेल, तरच विचार होतो. मान दुखणं हा थेट धोका नाही म्हणे. भिशीचे आणि एका मोडलेल्या ठेवीचे मिळून एक लाख साठ हजार जमवले.

पुण्यातल्या सर्जननी पहिल्या भेटीत विचारलं, ‘हे कुणासाठी करताय?’ मी म्हटलं, ‘मानेसाठी.’ ते हसले. मग खोदून खोदून विचारलं. कधीपासून मनात आहे, घरात कोण काय म्हणतं, नंतर कशा दिसाल असं वाटतं. व्रण राहतील, स्पर्श बधिर होऊ शकतो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणार नाहीत, हेही सांगितलं. छेद कसा असेल ते कागदावर काढलं आणि म्हणाले, ‘नांगराच्या आकाराचा.’ त्यांच्या डोक्यात जहाजाचा नांगर, माझ्या डोक्यात आमच्या रानातला. घरी येईपर्यंत मला अंगावर तासं पडल्यासारखं वाटत होतं.

‘तंबाखू, सिगारेट?’ यावर मी सरळ ‘नाही’ म्हणाले. खोटं. आजीनं नवव्या वर्षी बोटाला मिश्री लावून दिली तेव्हापासून माझी सकाळ तिच्याशिवाय सुरू होत नव्हती. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास म्हणजे मला माहेर. बँकेतल्या, पतसंस्थेतल्या कितीतरी बायका गुपचूप लावतात आणि कुणी विचारलं की ‘मंजन’ म्हणतात. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं की या ऑपरेशनात स्तनाग्र आतल्या मांसाच्या एका पट्टीवर तगवून वर सरकवतात. त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावरच ते जगतं. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पोचलं नाही तर तो भाग काळा पडून झडू शकतो. मी बाहेर आले, पाणी प्यायले, परत आत गेले आणि सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, म्हणाले. निकोटीनचं च्युइंगमही नको, कारण त्यातही तेच.

पहिले पाच दिवस पोट साफ झालं नाही, डोकं ठणकलं, एकदा शंभराच्या बंडलात नोटा कमी मोजल्या. मुलीनं डबी फेकायला मागितली, मी दिली नाही. फडताळात समोरच ठेवली. दिसत असताना सोडली तरच सुटेल असं माझं गणित होतं.

गुडघ्यासाठी वैद्यांच्या पुड्या चालू होत्या, लसणाच्या गोळ्याही. रक्त पातळ होतं म्हणून त्या दोन आठवडे आधी बंद केल्या. हात वर जाणार नाहीत म्हणून वरच्या फळीवरचे डबे खाली आणले. पुढून हूक असलेले गाऊन शिवून घेतले. आदल्या दिवशी केस धुवायचे, कारण नंतर बरेच दिवस दुसऱ्यानं धुवावे लागतात. ही तयारी बायकांना शिकवावी लागत नाही. दिवाळीला आपण याहून जास्त करतो.

मनाची तयारी म्हणाल तर मी खोटं बोलून केली. ‘गाठ आहे, काढायचीय’ असं सगळ्यांना सांगितलं. लगेच जाऊबाईंनी अंगारा आणला, ऑफिसात रजा पटकन मंजूर झाली. आजारी बाईला सगळे सांभाळून घेतात. बरी बाई स्वतःच्या शरीराचं काही करू म्हणाली की विचारतात, ‘या वयात कशाला?’

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशनची तारीख आली नेमकी आषाढीच्या तोंडावर. हे एसटीत कंडक्टर. पंढरपूरच्या जादा गाड्या, सगळ्यांच्या रजा रद्द. आमचं ठरलं की मुलगी सोबत येईल. ती २१ वर्षांची, बी.कॉम. झालेली. रात्री बारानंतर पाणीसुद्धा प्यायले नव्हते. सकाळी सातला काउंटरवर हजर. पैसे भरले, हातात पट्टा बांधला आणि फॉर्म पुढे आला. माझ्या सहीखाली दुसरा रकाना: पती / वडील / पालक.

‘मिस्टर कुठायत?’

‘ड्युटीवर. मुलगी करेल सही.’

‘मुलगी नाही चालणार मॅडम. मिस्टरच लागतील.’

मी म्हटलं, वडील वारलेत, पालक मला ४६व्या वर्षी नाहीत. काउंटरवरची मुलगी हसली, पण तिच्या हातात काही नव्हतं. मॅनेजर आला. त्यानं समजावलं की ‘अशा’ ऑपरेशननंतर नवरे येऊन भांडतात. अशा म्हणजे कशा? ‘तुम्हाला कळतंय मॅडम.’ ह्यांना फोन लावला, गाडी घाटात, रेंज नाही. साडेनऊला लागला. हे म्हणाले, ‘माझी हरकत नाही, करा.’ फोनवरचं चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो? नाही. डॉक्टर थिएटरमध्ये होते. बाहेर आले तेव्हा माझा नंबर गेला होता. ‘मलाही पटत नाही,’ ते म्हणाले, ‘पण हॉस्पिटलचा नियम आहे.’ ज्याला पटत नाही आणि ज्याच्या हातात सुरी आहे त्याचंही चालत नसेल, तर हा नियम कुणाचा?

पतसंस्थेत माझ्या सहीनं रोज लाखांची उलाढाल होते. ह्यांच्या एसटीच्या सोसायटीच्या कर्जाला जामीन मी. माझ्या कातडीला मात्र जामीन लागला. साडेदहाला मुलीनं मला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि त्या चहाबरोबर मी रडले. उपाशीपोटी माणूस नीट भांडू शकत नाही, हे त्या लोकांना ठाऊक असावं.

नंतर वकील भाचीनं सांगितलं की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाची स्वतःची संमती पुरेशी असते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये एका प्रकरणात उलट बाजूनं हेच म्हटलं होतं. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या बाई तपासणीसाठी भुलीखाली होत्या आणि बाहेर त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. न्यायालय म्हणालं, ही संमती धरता येणार नाही. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. मग माझ्याच फॉर्मवर तो रकाना कुणी छापला?

डॉक्टरांच्या केबिनमध्ये एक जुनं चित्र होतं. कपाळावर व्रण असलेला माणूस. तो कावसजी, इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं आणि पुण्याजवळ एका कुंभारानं कपाळाची कातडी वळवून ते परत घडवलं. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आलं आणि तिकडचे सर्जन हे तंत्र शिकू लागले. तिथे बसल्या बसल्या मी विचार करत होते, कावसजीला कुंभारानं विचारलं असेल का, ‘बायको आलीय ना? अंगठा लागेल.’

आठ दिवसांनी हे आले. डेपोतून थेट, खाकीतच. काउंटरवर उभ्या उभ्या सही ठोकली, एक ओळ न वाचता, तिकीट फाडावं तशी. ‘नातं’ या रकान्यात ‘पती’ लिहिलं. मला त्यांचाच राग आला. वाचा तरी, म्हटलं. म्हणाले, ‘अंग तुझं, मी काय वाचू?’ यावर काय बोलणार.

वर नर्सनं सांगितलं, मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढा. ह्यांची सही कागदावर हवी, ह्यांची खूण मात्र अंगावर नको. मी हसले ते तिला कळलं नाही. मग डॉक्टरांनी आरशासमोर उभं करून मार्करनं रेघा ओढल्या. त्याआधी निळ्या पडद्यापुढे फोटो, मानेपासून खाली. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं, बिनडोक्याचं. पण या वेळी कॅमेऱ्यापुढे मी आपल्या पायांनी उभी होते.

एक कबूल करते. स्ट्रेचर आत जाताना मान वळवली, तर हे बाकावर बसलेले, मांडीवर माझी पर्स, त्यात मंगळसूत्र. त्या क्षणी वाटलं, बरं झालं आले. सहीच्या हट्टापायी का होईना, आले. हा विचार मला आवडत नाही, पण आला होता.

डावीकडून ७१० ग्रॅम, उजवीकडून ६६०. मान दुखायची थांबली. जाऊबाई अजून गाठीचा रिपोर्ट विचारतात. डबी फडताळात आहे. महिन्यातून एकदा उघडून वास घेते, लावत नाही.

ऑपरेशन करा की करू नका, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते: पहिल्या भेटीलाच संमतीचा फॉर्म मागून घ्या, घरी नेऊन शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा आणि भांडायचं असेल तर तेव्हाच भांडा. जेवून.