बंद पॅनलमधला सेल

नोव्हेंबर २०१७. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर पेटला होता, मोळी टाकून झाली होती आणि साखरेतून मळी काढणारं सेंट्रिफ्युगलचं एक मशीन मात्र जागचं हलत नव्हतं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. पॅनल उघडलं. पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर, बॅटरीचा लाल दिवा लागलेला आणि मेमरी कोरी.

तो सेल मीच तपासून ठेवलेला होता. २०१६च्या फेब्रुवारीत, गाळप आटोपताना. मल्टिमीटरवर ३.६ व्होल्ट आले, मी ‘ठीक आहे’ म्हणालो आणि झाकण लावलं. त्यानंतर काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दुष्काळ असा की एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पुढच्या हंगामाला या कारखान्याकडे गाळायला ऊसच नव्हता. विजेचं बिल वाचावं म्हणून सगळ्या पॅनलचे स्विच खाली केले गेले. वीस महिने, म्हणजे साडेचौदा हजार तास.

मशीन चालल्यानं सेल झिजतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर लाइन चालू असते तेव्हा मेमरीला वीज सप्लायकडूनच मिळते, सेल नुसता बसून असतो. स्विच खाली गेला की त्याची पाळी सुरू होते. जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम आणि टायमरचे आकडे ज्या रॅममध्ये असतात, तिला काही मायक्रोअँपिअर पुरतात. पण ते दिवसरात्र हवेत. त्यात आपल्याकडचा मे महिना. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याच्या शेडमधलं बंद पॅनल आतून किती तापत असेल! उष्णतेनं सेल आपोआपही उतरत जातो.

आणि मीटरनं मला फसवलं नव्हतं, मीच चुकीचं विचारलं होतं. लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३.६ दाखवतो आणि मग एकदम कोसळतो. मोकळा मोजून त्याच्यात किती उरलंय ते कळत नाही. तेव्हापासून मी लहानसा लोड लावून मोजतो, आणि त्याहूनही जास्त भरवसा सेल बदलल्याच्या तारखेवर ठेवतो. उलट, दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला नवा सेल लोड लावताच आधी दबतो, कारण आत लिथियमवर थर चढलेला असतो. थोडा वेळ करंट वाहू दिला की तो थर मोडतो आणि व्होल्टेज वर येतं. अनेक पोरं असा चांगला सेल खराब समजून फेकतात.

प्रोग्रॅमची प्रत माझ्या लॅपटॉपमध्ये होती. ती भरली, मशीन फिरलं, पण साखर पिवळट आणि ओलसर पडायला लागली. माझी प्रत मशीन बसवलं तेव्हाची होती. नंतरच्या वर्षांत पाण्याचे, वाफेचे, ब्रेकचे सेकंद जागेवरच बदलत गेले होते आणि ते सगळे रॅमबरोबर गेले. तिथले जुने ऑपरेटर मामा बास्केटजवळ उभे राहिले. मी म्हणालो, “मामा, तुमचं पाणी किती वेळ असायचं?” ते म्हणाले, “आकडा नाही सांगता येत. मी सांगतो तेव्हा तोडा.” मी हातानं व्हॉल्व्ह चालवत होतो, दुसऱ्या हातात घड्याळ. ते दाण्याचा रंग बघायचे, मळी सुटल्यावर बदलणारा आवाज ऐकायचे. “अजून... अजून... हं, तोडा.” अकरा सेकंद. असे सगळे टप्पे दहा-बारा वेळा करून सरासरी काढली. एक फेरा जेमतेम तीन मिनिटांचा, तरी रात्रीचे दोन वाजले. मी शिकलेल्या कुठल्याच उपकरणात त्या माणसाच्या कानाइतकी बारीक मोजणी नव्हती.

सगळाच दोष सेलचा असतो असंही नाही. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये नवाकोरा सेल सहा-सात महिन्यांत उतरत होता. तीनदा सेल बदलून झाल्यावर मला बोलावलं. सेलच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर टाकला आणि सप्लाय बंद करून त्याच्यावरचं व्होल्टेज मोजलं. काही मिलिव्होल्ट यायला हवेत, आले चारशे. म्हणजे ०.४ मिलिअँपिअर करंट कुठेतरी जात होता. १.२ अँपिअर-तासांचा सेल त्यावर तीन हजार तास टिकतो. मिल दिवसातले चौदा तास बंद, हिशेब तंतोतंत जुळला. बोर्ड काढून उजेडात धरलं तर मेमरी चिपच्या पायांमध्ये तुरीच्या कोंड्याची बारीक धूळ पावसाळी ओल पिऊन चिकटलेली. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मग गरम हवा. रीडिंग सहा मिलिव्होल्टवर आलं. जुना सेल बदलायचीही गरज नव्हती, पण मी बदलला, सप्लाय चालू ठेवून.

त्या साखर कारखान्यात आता हंगाम संपला की मोटारींची वीज तोडतात, पीएलसीची लाइन वेगळी चालू ठेवतात. पॅनलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. वर सेल बदलल्याची तारीख, खाली मामांचे सेकंद.