दाण्यात दडलेला नेम
१/ सन १८५८. मुलचेरा-अहेरीच्या अरण्यपट्ट्यात मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उभे ठाकले. अशा लढ्यांच्या कथांत बंदूक दिसते. तिच्यातली दारू क्वचितच दिसते.

२/ काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. बारीक दाणा झपाट्याने जळतो, जाड दाणा सावकाश. म्हणून बंदुकीस बारीक, तोफेस जाड.

३/ लांबच्या नेमाला नुसता जोर पुरत नाही. प्रत्येक बाराला तोच जोर लागतो. दारू दमटली वा माप चुकले, की गोळीचा वेग बदलतो आणि ती निशाणाच्या खाली वा वर जाते.

४/ १८५३ च्या एनफील्ड रायफलीसाठी मोजलेली दारू आणि गोळी एकाच कागदी काडतुसात येई. तोड्याच्या बंदुकीत मात्र दारू हाताने भरावी लागे. मापाची भिस्त भरणाऱ्यावर. एकसारखेपणा कारखान्याच्या मालकीचा झाला.

५/ २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीबरोबर दारूगोळाही परवान्याखाली आणला. दारूवाचून बंदूक म्हणजे नुसती नळी, हे राज्यकर्ते पुरते जाणून होते.