दोन नागठाणी आणि एक मीराबाई

बालगंधर्वांचे जन्मगाव पाहावे म्हणून साताऱ्याहून निघालो आणि अर्ध्या-पाऊण तासात नागठाण्याला पोचलोसुद्धा! जुन्या पुस्तकात ‘नागठाणे, जिल्हा सातारा’ असे छापलेले; मग शंका कसली? पण पारावरच्या म्हाताऱ्याने माझी विद्वत्ता एका वाक्यात निकालात काढली. “पावनं, ते नागठाणं न्हवं ह्ये. ते तिकडं सांगलीकडं, भिलवडीपाशी.”

चूक पुस्तकाचीही नव्हती. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

कराडला आगगाडी धरली. किर्लोस्करवाडी मागे पडली, भिलवडी आली. तेथून उसाच्या शेतांतून खऱ्या नागठाण्याला गेलो आणि कृष्णाकाठी टेकलो. आठवण आली आजोबांची.

आजोबा गंधर्वांचे भक्त. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट आला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. कथा गंधर्व मंडळीच्याच ‘अमृतसिद्धी’ या संगीत नाटकाची. दोनच वर्षांपूर्वी प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये गंधर्व पुरुषवेषात एकनाथ झाले होते. आता एकोणपन्नासाव्या वर्षी पडद्यावर पुन्हा लुगडे नेसून मीरा! बोलपट पाहून आजोबा घरी आले, ते न जेवताच निजले.

पुढे कितीतरी वर्षांनी मला म्हणाले, “नाटकात मी पंचवीस हात लांब बसायचो रे. पडद्यानं मला थेट त्यांच्या गालापाशी नेऊन बसवलं. शेवटी डोळे मिटले, तेव्हा मीरा दिसली.”

तेव्हा मला ते म्हातारपणाचे हळवेपण वाटले होते. पण १९०५ मध्ये, इथून जवळच्याच मिरजेत, सतरा वर्षांचा नारायण राजहंस शकुंतला झाला, तेव्हा निम्मी शकुंतला प्रेक्षकांनीच घडवली असणार. ते अंतर, तो मंद उजेड आणि मनासारखी तान आली की मागितलेला ‘वन्स मोअर’! पडद्याला वन्स मोअर देऊन उपयोग काय? त्याला ऐकू कुठे येते?

खिशातला फोन काढून गंधर्वांचे एक जुने पद लावले. घाटावर धुणे धुणाऱ्या आजीबाईंचा हात थांबला.

“कोण बाई गातीया रं बाबा?”

म्हटले, “तुमच्याच गावची, आजी.”