वाडी, अंगण आणि ठेकेदार

भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट तासाभरात मांडव्याला लागते. तिथून दक्षिणेकडे निघाले की अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावे एकामागून एक येतात. या पट्ट्याचे जुने नाव अष्टागर. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. नावातच बाग असलेला हा किनारा आहे. कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मग मुरूड. आगरदांड्याहून जंगल जेटीने दिघीला उतरले की बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन. मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंतचा हा मुलूख 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. आपल्या कितीतरी घराण्यांची मुळे याच गावांत आहेत.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलाबाळांसह या रस्त्याने गेलो. किल्ला आणि समुद्र यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आमचे लक्ष वेधले ते रस्त्याकडेच्या पाट्यांनी. ‘गार्डन डेव्हलपमेंट’, ‘लॉन’, ‘पेव्हर ब्लॉक’, ‘लँडस्केप’. पूर्वी अशा पाट्या मुंबईकरांच्या फार्महाऊसजवळच दिसत. आता त्या आपल्या मोहल्ल्यांपर्यंत आल्या आहेत. मुलगा कुवेतला, जावई लंडनला, पुतण्या टोरांटोला. तिकडून मोबाईलवर हिरवळीचे फोटो येतात, पैसे येतात आणि इकडे ठेकेदार बोलावला जातो.

मुरूडच्या पुढे एका नात्यातल्या घरी आम्ही दोन दिवस राहिलो. घराभोवती पाच गुंठे जागा. मागे विहीर, दहा-बारा नारळ, थोड्या पोफळी, कोपऱ्यात जुना फणस. खालांनी ठेकेदाराचे अंदाजपत्रक आमच्यापुढे ठेवले. म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. एवढे वाचून सांगा.” कागदावर चार ओळी होत्या. पेव्हर, लॉन, शोभेची झाडे, कंपाउंड. खाली एकच आकडा, साडेचार लाख. किती चौरस फूट, किती ब्रास, किती झाडे, काहीच नाही. फणस काढायचा आहे हे तर कागदावर नव्हतेच, ते तोंडी ठरले होते.

खर्चाचा पहिला धडा इथेच आहे. अंगणाचे काम मापाचे आहे. माती, मुरूम आणि खडी ब्रासने मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हजार चौरस फुटांवर अर्धा फूट तांबडी माती पसरायची तर पाच ब्रास लागेल. जांभा चिरा नगावर येतो, पेव्हर चौरस फुटावर, गडी रोजावर. प्रत्येक ओळीपुढे माप आणि दर लिहून घेतला की दोन ठेकेदारांची तुलना करता येते. ‘लमसम’ आकड्याची तुलना करता येत नाही. गाडीभाडे कोणाचे, राडारोडा कोण उचलणार, झाड मेले तर बदलून कोण देणार, हेही त्याच कागदावर हवे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्ये आहे, ती आपण निकाहाच्या आणि दुकानाच्या हिशेबात पाळतो. अंगणाच्या हिशेबातही पाळावी. आणि मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी ही प्रेषितांची (स.) शिकवण ठेकेदाराच्या हाताखालच्या गड्यांनाही लागू आहे. त्यांचे पैसे अडकत नाहीत ना, हे घरमालकाने विचारायला हवे.

आपल्याकडे अंगण सजवणाऱ्या ठेकेदाराला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. टेम्पो आणि चार गडी असले की कोणीही ठेकेदार होतो. म्हणून पाटी बघून भागत नाही, त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले काम जाऊन पाहावे. फळझाडांच्या रोपवाटिकेला मात्र 1969 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. कलमे घेताना तो विचारावा आणि पावती घ्यावी. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. दोन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची. तिथे विचारून लावलेले रोप रस्त्यावरच्या रोपापेक्षा भरवशाचे.

दुसरा हिशेब पाण्याचा. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हजार चौरस फूट अंगणावर चार महिन्यांत पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडते. माती असेल तर त्यातले बरेचसे मुरते आणि मागच्या विहिरीत उतरते. सिमेंटवर घट्ट बसवलेले पेव्हर असतील तर ते वाहत शेजाऱ्याच्या ओटीशी जाते. त्यात पक्क्या कंपाउंडने जुना पऱ्या अडवला असेल, तर जुलैमध्ये दोन घरांत भांडण ठरलेले. उन्हाळ्यात उलटे होते. हजार चौरस फूट लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी दिले तरी साडेचारशे लिटरच्या वर लागते. ठिबकवरच्या मोठ्या नारळाला दिवसाला चाळीस लिटर धरले, तर तेवढ्या पाण्यात अकरा नारळ जगतात. किनाऱ्यावर गोडे पाणी जास्त उपसले की विहीर मचूळ होते, हे वाडीवाल्याला सांगावे लागत नाही.

तिसरी बाब परवानग्यांची. इथे घाई महागात पडते.

पहिले पाहायचे ते सातबारा. जुन्या घरांच्या सातबारावर चार भाऊ, तीन बहिणी आणि कधी कधी मरहूम दादाजींचेही नाव असते. परदेशातून पैसे पाठवणारा एकटा मालक नसतो. बहिणीचा हिस्सा शरीअतने ठरवला आहे आणि कागदावरही तो आहे. तिला न विचारता झाड तोडणे किंवा भिंत घालणे योग्य नाही. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, भिंत त्यानंतर.

दुसरे झाडे. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत सोळा जाती आहेत. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, खैर, कांदळवन ही त्यांतली. स्वतःच्या जागेतले असले तरी यादीतले झाड तोडण्याआधी परवानगी लागते. खेड्यात त्यासाठी वन विभागाच्या कार्यालयात विचारावे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा नगरपरिषदांच्या हद्दीत शहरांसाठीचा 1975 चा वृक्ष कायदा आहे, तिथे अर्ज नगरपरिषदेकडे.

तिसरे किनारा नियमन, म्हणजे सीआरझेड. हे नियम 1991 पासून आहेत, आजची अधिसूचना 2019 ची आहे. तिच्याप्रमाणे ग्रामीण भागात दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर आणि विरळ असेल तर 200 मीटर पट्टा ना-विकास क्षेत्र ठरतो. आपली जागा कोणत्या पट्ट्यात येते ते मंजूर नकाशावर पाहावे लागते. वाळूच्या टेकड्या सपाट करणे, कांदळवनात भराव टाकणे याला मनाई आहे. ठेकेदार ‘सगळे करतात’ म्हणाला तरी नोटीस मालकाच्या नावाने येते. पक्क्या भिंतीसाठी ग्रामपंचायतीला आणि माती-मुरूम उत्खननासाठी तहसील कार्यालयाला विचारणे हेही आलेच.

हे नियम आपल्याकडेच आहेत असे कोणी समजू नये. टोरांटोत बर्फामुळे जमीन गोठते, बागेची कामे उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत उरकावी लागतात. तिथे आपल्याच आवारातले झाड, जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर खोड 30 सेंटिमीटर किंवा जास्त जाड असेल, तर महापालिकेच्या परवान्याशिवाय तोडता येत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2008 पासून घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकायची असेल तर परवानगी लागते. कारण तेच, पावसाचे पाणी रस्त्यावर येते. ज्या देशांतून आपल्याला हिरवळीचे फोटो येतात, त्या देशांनी अंगणात पाणी मुरू द्यायचे ठरवले आहे.

श्रीवर्धनला पोहोचलो तेव्हा हा विषय अधिक खोल झाला. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि दिवेआगर, श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर पीक यायला पाच-सात वर्षे लागतात, उंच जातीच्या नारळालाही तितकीच. त्या एका दिवसाचे नुकसान घरे अजून भरत आहेत. काही वाड्यांत नवी रोपे कमरेच्या वर गेलेली दिसली, त्यांच्यामध्ये केळी, खोडावर मिरीचे वेल, सावलीत जायफळ. काही वाड्यांत झाडे उचलल्यावर जागा सपाट करून पेव्हर घातलेले दिसले. एका वाडीवाल्या चाचांना आम्ही विचारले, तुम्ही पुन्हा का लावलीत? ते म्हणाले, “मी खाईन की नाही, अल्लाह जाणे. नातू तरी खाईल. नाही तर पाखरे खातील.” लावलेल्या झाडाचे फळ माणूस, जनावर किंवा पाखरू खाईल तर तो लावणाऱ्याचा सदका आहे, ही हदीस त्यांनी आम्हाला ऐकवली नाही. ती त्यांच्या वाडीत दिसत होती.

खालांचे अंदाजपत्रक आम्ही परत लिहून दिले. फाटकापासून ओटीपर्यंत चिऱ्याची वाट, फटींत वाळू, म्हणजे पाणी मुरेल. लॉनऐवजी तगर, जास्वंद, मोगरा आणि चार नवे बाणवली नारळ, पंचवीस फुटांच्या अंतराने. कंपाउंड खालून पाणी जाईल असे, पऱ्या मोकळा. फणस जागच्या जागी. माप आणि दर प्रत्येक ओळीला. टोरांटोच्या पुतण्याला तो कागद मोबाईलवर पाठवला आणि दोन्ही फुफींनाही. पुतण्याचा निरोप दुसऱ्या दिवशी आला, “फणस राहू दे, त्याचे गरे मला आठवतात.” फुफींचे उत्तर यायचे आहे, त्यांच्या होकारापर्यंत काम थांबवायचे ठरले आहे.

या पावसाळ्यात आपल्या गावच्या घरी जाल तेव्हा एक करा. पहिल्या मोठ्या सरीत ओटीवर उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहा. ठेकेदाराला बोलवायचे ते त्यानंतर.